दावं घरी राहतं

शेळी विकली तरी दावं द्यायचं नसतं. गिऱ्हाईक आपली दोरी घेऊन येतं आणि जनावराच्या गळ्यात अडकवतं. मग आपण आपलं दावं सोडून घ्यायचं, कपाळाला लावायचं आणि गोठ्यातल्या खुंटीवर परत टांगायचं. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते, म्हणतात. प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं. जुलै 2021 मध्ये मी माझा पहिला बोकड विकला, तेव्हा आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला ते करून दाखवलं.

बोकडाचं नाव माणिक. नाव माझ्या मुलीनं ठेवलेलं. आठ महिन्यांचा, उस्मानाबादी, काळाभोर, फक्त कानांवर पांढरे ठिपके. व्यापाऱ्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कमरेच्या मणक्याशी अंगठा दाबला आणि चार हजार म्हणाला. मी आधीच लिंबाच्या फांदीला काटा टांगून ठेवला होता. पोत्याची झोळी केली, माणिकला तिच्यात उचलून घेतला. काटा थोडा हलला आणि 19 किलोवर थांबला. जिवंत वजनाला तेव्हा 300 रुपयांचा भाव होता. 5,700 झाले. व्यापाऱ्यानं मुकाट पैसे मोजले. मला आनंद झाला. गोठ्यातली ही माझी पहिली कमाई होती आणि ती कुणाच्या अंदाजावर नव्हे, वजनावर झाली होती.

मग मी मान वर केली. आत्या दावं हातात घेऊन उभ्या होत्या. मुलगी आत निघून गेली होती. आणि मामा, माझे सासरे, ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. बोटांत माळ होती, पण मणी पुढे सरकत नव्हता. वळणापर्यंत माणिकचा आवाज येत राहिला.

मामा माळकरी आहेत. विशीत गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून मांस-मासळी नाही आणि वारी चुकलेली नाही. दरवर्षी आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यात ते पालखीबरोबर वाटेवर असतात. नेमका तोच आमच्याकडे आखाड. श्रावण लागायच्या आत लोक खाऊन घेतात आणि बोकडाला वर्षातला चांगला भाव तेव्हा मिळतो. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी करोनामुळे पायी वारी झाली नाही, पालख्या एसटीनं पंढरपूरला गेल्या. म्हणून त्या वर्षी मामा घरी होते. आपल्या दारातून बोकड जातो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण तो जाताना त्याचा आवाज ऐकायची वेळ त्यांच्यावर तोवर कधी आली नव्हती.

रात्री ते जेवले नाहीत. आत्या एवढंच म्हणाल्या, "आज ऐकू आलं व्हय? मला चाळीस वरसं ऐकू येतंय."

त्या वाक्यानं माझी झोप गेली. हे सगळं मी लिहायला घेतलं ते त्या वाक्यामुळे.

भूम तालुक्यात आमची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत असे. मार्च 2020 मध्ये वर्ग बंद झाले. तास नाही तर पैसेही नाहीत. नवरा पुण्यातली नोकरी सोडून परत आला. दिवाळीच्या आधी आम्ही 5 शेळ्या घेतल्या, त्यातल्या 2 गाभण होत्या. कृषी विज्ञान केंद्रात मी पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. त्याची वही माझ्यापाशी अजून आहे. गाभणकाळ 150 दिवस. करडू जन्मलं की तासाभराच्या आत चीक पोटात गेला पाहिजे. नाळ कापली की आयोडीन. वीस-पंचवीस शेळ्यांमागे एक बोकड पुरतो, पण दोन वर्षांनी तो बदलायचा, नाहीतर स्वतःच्याच पाठींवर, म्हणजे लेकींवर, जातो. जमीन कोरडी ठेवायची, गव्हाण उंच ठेवायची, शेवरी-सुबाभळीचा पाला बांधून टांगायचा, कारण शेळी खाली पडलेलं खात नाही.

वहीत नव्हतं ते आत्यांकडे होतं. त्या गोठ्यात शिरण्याआधी दारात थांबतात. मला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून थांबत असतील. त्या रवंथ ऐकत असतात. पहाटे रवंथाचा आवाज भरलेला असला तर आत काही बिघडलेलं नाही. मग शेपटीखाली नजर, लेंडी सुटी की चिकट. मग डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं उलटून बघायची: आत लाल असलं तर बरं, फिकट पडलं तर जंत रक्त पितायत. पुढे डॉक्टरांनी मला हेच रंगांच्या तक्त्यावर दाखवलं. आत्यांनी तक्ता कधी पाहिला नाही.

पौषातल्या एका रात्री पाठ अडली. पहिल्यांदाच विणारी. करडाचे पुढचे खूर बाहेर आले होते, पण मान मागे वळलेली. आत्यांची बोटं संधिवातानं वाकलेली, त्यांचा हात आत जाईना. त्यांनी बॅटरी धरली आणि मला सांगत गेल्या. "खुरं मागं ढकल. भिऊ नगं. आता मुंडकं हुडक. तोंड घावलं? दोन बोटं जबड्यात घाल. कळ आली की वढ, कळ नसताना वढू नगं." त्या आंधळ्या उबेत माझ्या बोटांना एक जीभ लागली, आणि ती हलली. ते करडू जगलं. त्याच्या तोंडातला चिकटा पुसला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तो प्रश्न अगदी सरळ उभा राहिला. नर आहे हे मी पाहिलं होतं. ज्या हातानं याला ओढून काढलं, तोच हात नऊ महिन्यांनी याला झोळीत घालणार. या दोन गोष्टी एकाच माणसाला शोभतात का? आणि शोभत असतील तर कुठल्या धर्मानं?

प्रश्न नवा नाही. आमच्या भागात तर तो जमिनीतच आहे. आमच्याच तालुक्यात कुंथलगिरीचं जैन सिद्धक्षेत्र आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली तिथंच सल्लेखना घेऊन देह ठेवला. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपणाऱ्यांचा तो डोंगर. दुसऱ्या बाजूला तुळजापूर, जिथं नवरात्रात अजाबळीचा विधी आहे. गावोगाव जावळाला, जत्रेला, पिराच्या कंदुरीला बोकड लागतो. आणि दक्षिणेला पंढरी. आमच्या गावातला माणूस वर्षभरात या तिन्ही ठिकाणी हात जोडून येतो, आणि त्यात काही विसंगत आहे असं त्याला वाटत नाही. मला वाटायला लागलं, कारण माझ्या हातात काटा होता.

मी महाभारत काढलं. वनपर्वातला धर्मव्याध कॉलेजात शिकवताना मी नेहमी घाईनं सांगून मोकळी व्हायचे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण, अंगावर विष्ठा टाकणारी बगळी त्यानं नजरेनं जाळली. मग भिक्षेला एका घरी गेला. घरची बाई नवऱ्याचं वाढण्यात गुंतली होती, तिनं त्याला थांबवून ठेवलं. तो रागानं बघायला लागला, तर ती म्हणाली की मी काही ती बगळी नव्हे. तिनंच त्याला मिथिलेला पाठवलं, मांस विकणाऱ्या व्याधाकडे धर्म शिकायला. व्याध सांगतो की नांगराच्या फाळाखाली असंख्य जीव मरतात, धान्याचा दाणासुद्धा जीवच आहे, चालणाऱ्याच्या पायाखाली जीव जातात, पूर्ण अहिंसक असा कुणीच नाही. हे वाचून मन निवलं. माझी चार एकर तूर आणि माझा गोठा एकाच हिशेबात बसला.

पण त्याच संवादात आणखी जे आहे, त्यावर मी या वेळी अडकले. व्याध म्हणतो, मी स्वतः मारत नाही. दुसऱ्यांनी मारलेलं विकतो. आणि मी मांस खात नाही. इतका ज्ञानी माणूस, धर्म शिकवायला बसलेला, आणि त्यालाही मारणारा हात आपल्यापासून एक पाऊल लांब हवा होता. तो हात कुणाचा, याचं नाव कथेत येत नाही. कौशिकानंही ते विचारलं नाही.

मग मला आत्यांचं वाक्य नीट कळलं. मामांची माळ चाळीस वर्षं निर्मळ राहिली. ती कशी राहिली? 1972 च्या दुष्काळानंतर घरात जे काही उभं राहिलं, ते शेळीच्या पैशानं. शेळी बायकांची. तिचं दूध पोरांना, तिचा बोकड फीला, औषधाला, बियाण्याला. माझ्या नवऱ्याचं डीएड शेळ्यांवर झालं. मामांच्या वारीचा खर्चसुद्धा. बोकड जायचा तेव्हा मामा वाटेवर असत आणि दावं आत्या सोडत. त्यांच्या गळ्यात माळ नाही. एकादशी त्याही करतात, मांस त्याही खात नाहीत, पण माळ त्यांनी कधी घातली नाही. एकदा मी कारण विचारलं. म्हणाल्या, "घातली असती तर बोकडं कुणी इकली असती?"

मी हे मामांना दोष द्यायला लिहीत नाही. त्यांच्यासारखा निर्मळ माणूस मी पाहिला नाही. पण एकाची शुद्धता दुसऱ्याच्या हातावर उभी असते, हे मला गोठ्यात कळलं, पुस्तकात कळलं नव्हतं. ज्यांच्या ताटात मटण आहे त्यांचीही हीच गोष्ट. त्यांनी बोकडाचा आवाज कधी ऐकलेला नसतो.

महाभारतात आणखी एक दुकानदार आहे, शांतिपर्वातला तुलाधार. जाजलीच्या जटांत पक्ष्यांनी घरटं केलं, पिल्लं उडून जाईपर्यंत तो हलला नाही, आणि त्याला गर्व झाला. तेव्हा त्याला सांगितलं गेलं की काशीतल्या तुलाधार वाण्याची सर तुला नाही. हा तुलाधार म्हणतो, माझी तागडी सगळ्या प्राण्यांना सारखी. व्याधापेक्षा तो कितीतरी कडक आहे. बैलांचं खच्चीकरण, वेसण, दाव्याला बांधणं, ओझं लादणं, या सगळ्याला तो नावं ठेवतो, नांगरालाही सोडत नाही. त्यावर जाजली त्याला विचारतो की शेतीतून अन्न येतं, आणि तूही त्याच अन्नावर जगतोस ना? जाजलीच्या या प्रश्नाला तुलाधार जे उत्तर देतो ते यज्ञाबद्दल आहे, खऱ्या यज्ञाबद्दल, आणि ते उदात्त आहे. पण सकाळी उठून ज्याला चारा टाकायचा आहे, त्याच्या हाती त्यातून फार काही लागत नाही. मी जाजलीच्या बाजूची झाले. तुलाधाराची तागडी मात्र मी सोडली नाही. तेव्हापासून आमच्या गोठ्यात अंदाजानं काही विकलं जात नाही, आणि आम्हीही कुणाचं अंदाजानं घेत नाही. गावातल्या सात-आठ बायका आता आपले बोकड आमच्या लिंबाखाली वजन करून नेतात.

त्या 2021 च्याच ऑगस्टमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. आंत्रविषाराच्या लशीचा पहिला डोस दिला होता, दुसरा पंधरा दिवसांनी द्यायचा होता. पेरणीच्या गडबडीत तो राहिला. पावसानं बांधावर कोवळं गवत माजलं, करडं त्यात मोकळी सुटली. दोन दिवसांत तीन गेली. या रोगात सगळ्यात धट्टंकट्टं, सगळ्यात हावरं करडू आधी जातं. संध्याकाळी उड्या मारत होतं, सकाळी मान मागे टाकून ताठ पडलेलं. मी आणि नवऱ्यानं बांधाशी खड्डा केला, चुना टाकला.

ती तीन करडं मला विकलेल्या माणिकपेक्षा जड गेली, आणि ती का जड गेली याचा मी बरेच दिवस विचार केला. माणिक मेला तो कुणाच्या तरी सुऱ्यानं, ठरवून. ही मेली ती कुणाच्याच इच्छेनं नव्हे. आपल्याकडे पापाचा हिशेब इच्छेवर करतात. हेतू नव्हता, मग दोष नाही. पण गोठ्यातला हिशेब तसा होत नाही. माणिकच्या बाबतीत मी त्याला जे द्यायचं ते सगळं दिलं होतं: चीक, चारा, कोरडी जागा, ऊन, आईजवळची जागा. या तिघांना जे द्यायचं होतं ते मी दिलं नाही. जनावर पाळणं म्हणजे त्याला आपल्यावर अवलंबून करणं. रानातली भेकर माझ्या लशीची वाट बघत नाही. दाव्याला बांधलेलं करडू बघतं. दावं दोन्ही बाजूंना बांधलेलं असतं, त्याच्या गळ्यात आणि माझ्या मनगटात. माझ्या बाजूची गाठ सुटली होती.

गाईबद्दल लिहायला मला जड जातं, पण लिहिल्याशिवाय हे पुरं होत नाही. आमचा भाग खव्याचा. भूमच्या खव्याला नाव आहे, भट्ट्यांना दूध लागतं. 2022 मध्ये आम्ही एक संकरित गाय घेतली. ती व्याली, गोऱ्हा झाला. गाय आपल्याकडे देव. वसुबारसेला सवत्स गाईची पूजा, वासराशिवाय पूजा पुरी होत नाही. पण वासरू नर असलं, तेही संकरित, तर त्याचं काय करायचं याचं उत्तर पूजेत नाही. पाठीला वशिंड नाही म्हणून जू बसत नाही, उन्हात दम टिकत नाही, आणि नांगराला आता ट्रॅक्टर आहे. 1976 च्या कायद्यानं गाईची कत्तल बंद झाली, 2015 पासून बैल आणि वळूचीही. म्हणजे त्याला मारता येत नाही आणि जगवायला कुणाला परवडत नाही. मग काय होतं ते प्रत्येक दूधवाल्या गावाला ठाऊक आहे. त्याला दूध कमी पाजतात. आठ-दहा दिवसांत ते आपोआप जातं. कुणी मारलं नाही. सुरी नाही, रक्त नाही, दोष नाही. ज्याच्या आईला आपण हळद-कुंकू लावतो, तो असा उपाशी जातो. आणि ज्याला कापायचं असतं तो बोकड मात्र पोटभर खाऊन, उन्हात लोळून वर्षभर जगतो. या दोघांत कुणाच्या बाजूनं धर्म उभा आहे?

आमचा गोऱ्हा आम्ही पाजला. अकरा महिने ठेवला. दिवसाला दोन लिटर दूध, मग वैरण. पुढे एका शेतकऱ्यानं शेणखतासाठी आणि बांधावरच्या हलक्या कामासाठी नेला. एक पैसा घेतला नाही. दावं घेतलं. तो पुढे कुठे गेला हे मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, आणि ते न विचारणं माझ्या मनाला अजून टोचतं.

आता आम्ही लिंगनिश्चित रेतमात्रा वापरतो, दहातल्या नऊ वेळा कालवड होते. पहिल्यांदा भरवलं तेव्हा डॉक्टरांना मी विचारलं, हे बरं की वाईट? ते म्हणाले, ताई, परवडतं. मला वाटतं ते बरं आहे. जन्माला घालून उपाशी मारण्यापेक्षा जन्माला न घालणं बरं. पण मग बोकडाबद्दलही कुणी हेच म्हणेल: नको पाळू, म्हणजे नको विकू. त्याला मी काय सांगू? उस्मानाबादी शेळी दूध-मांसासाठी पिढ्यान्‌पिढ्या पाळली म्हणून आहे. कुणीच पाळली नाही तर ती उरणार नाही. उन्हात अंग ताणून पडलेला बोकड, करडांची संध्याकाळची भिंतीवर चढायची शर्यत, हेही उरणार नाही. नसण्यापेक्षा वर्षभराचं भरलेलं असणं चांगलं का, हे मी बोकडाला विचारू शकत नाही. मी फक्त ते वर्ष भरलेलं ठेवू शकते. हे उत्तर पुरेसं नाही, मला माहीत आहे.

2023 साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, 29 जूनला. गावातले एक चाचा दरवर्षी ईदसाठी बोकड घेतात. वर्ष पुरं झालेलं, दोन दाती, अंगावर व्यंग नसलेलं जनावर त्यांना लागतं. ते महिनाभर आधी ठरवतात आणि दर दोन-चार दिवसांनी येऊन त्याला हातानं पाला खाऊ घालतात. जीव लागला पाहिजे, म्हणतात, नाहीतर कसली कुर्बानी. इब्राहिमाची गोष्ट त्यांनी मला आमच्या गव्हाणीला टेकून सांगितली. त्या वर्षी महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुसलमान मंडळींनी एकादशीच्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरवलं. चाचांनीही दुसऱ्या दिवसावर ढकललं. "उद्या नेतो," म्हणाले, "आज तुमच्या मामांचा दिवस." बोकड एक दिवस जास्त आमच्याकडे राहिला. आत्यांनी त्याला एकादशीची भगर घातली.

दुसऱ्या दिवशी चाचा पहाटे आले. वजन नको म्हणाले, कुर्बानीचं जनावर तोलायला त्यांना आवडत नाही. पैसे मी मागेन ते. मी आधीच्या आठवड्याच्या वजनावर सांगितले. जाताना त्यांनी विचारलं, "नाव काय याचं?" इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी त्याच नावानं हाक मारली आणि तो त्यांच्या मागे चालत गेला, ओढावं लागलं नाही.

मामा पौर्णिमेनंतर पंढरपूरहून परतले. मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सजन कसायाची गोष्ट काढली. कीर्तनात ती त्यांनी किती वेळा ऐकली असेल. सजन मांस तोलायला जो दगड वापरायचा तो शाळिग्राम होता, त्याला ठाऊक नव्हतं. एका ब्राह्मणानं तो पाहिला, विटाळ होतो म्हणून घरी नेला, स्नान घालून पूजेत ठेवला. रात्री देव स्वप्नात आला, म्हणाला, मला परत नेऊन ठेव, मला तिथंच बरं वाटतं. याच सजनाचं, सधनाचं, पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही आहे, हे मी मामांना सांगितलं, त्यांना फार आवडलं.

"देव तागडीत बसला," मामा म्हणाले. "पूजेत बसंना."

मी म्हटलं, "मामा, पण दुसऱ्या पारड्यात मांसच होतं."

ते म्हणाले, "व्हय. ते त्याला दिसत हुतं. बसला तरी." आणि मग, जरा थांबून, "आपुन बगत न्हवतो."

गेल्या वर्षी एक जुनी शेळी, माझ्या पहिल्या पाचांपैकी, पाठीवर ट्रॉलीचं फळकं पडून मागच्या दोन्ही पायांनी गेली. मणका मोडला होता. दोन दिवस तिनं चारा घेतला, तिसऱ्या दिवशी दात खाऊ लागली. खाटकाला द्यायला मन होईना. डॉक्टर इंजेक्शन द्यायला तयार होते, पण आधी घरच्यांना विचारा म्हणाले. मला गांधीजी आठवले. 1928 मध्ये साबरमती आश्रमात तडफडणाऱ्या वासराला त्यांनी इंजेक्शन देऊन मरण देवविलं आणि त्यावर देशभर केवढा गदारोळ झाला. अहिंसेच्या माणसानं गोहत्या केली म्हणून लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला. ते डगमगले नाहीत, स्वतःच्या नावानं लिहून उत्तर दिलं. मी मामांकडे गेले. माळकरी माणसाला हे विचारणंही मला अवघड वाटत होतं. त्यांनी काही न बोलता चप्पल घातली, गोठ्यात आले, खाली बसले आणि शेळीचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी सुई लावली तेव्हा ते तिच्या कानामागे खाजवत होते. भिंतीकडे वळले नाहीत.

खुंटीवर आता पुष्कळ दावी आहेत. बरीचशी नायलॉनची, पण आत्या अजून अंबाडीची वळतात. नायलॉननं मान सोलते, म्हणतात. गेल्या सोमवारी यंदाच्या पौषातलं करडू तीन महिन्यांचं झालं, आईपासून वेगळं बांधायचं होतं. मामांनी त्याला काखेत धरलं, ते पाय झाडत होतं. आत्यांनी खुंटीवरची दावी एकेक करून बोटांतून फिरवली, एक निवडलं, गाठ ओढून पाहिली.

"ह्येला माणकाचं घालू," म्हणाल्या.

"लहान पडंल," मामा म्हणाले. "मान बग की त्येची."

"सैल करतीया. धरा नीट."